शिकारीचे बो आणि रबरी हरणं

तिरंदाजीत बाण मारण्यापेक्षा बाण शोधण्यातच जास्त वेळ जातो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. टार्गेट चुकलं की बाण गवतात आडवा घुसतो. मग सगळ्यांनी एका रांगेत, खाली मान घालून, पायांनी गवत चाचपत चालायचं. त्या वेळात दुसरं काही करता येत नाही, म्हणून माणसं बोलतात. आमचे निम्मे किस्से त्या गवतातच सापडलेत. काही बाण मात्र अजून सापडायचेत.

आमचा क्लब लंडनच्या टोकाला, एजवेअरच्या जरा वर आहे, जिथे घरं संपतात आणि घोड्यांची कुरणं सुरू होतात. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही पाच मराठी माणसं जमतो. मी, पुण्याची, हॉस्पिटलात फिजिओ. किरण, मूळचा नगरचा, ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको रिया, इथेच जन्मलेली, फार्मसिस्ट. आणि वसंतकाका-सुमनकाकू. काका हाडांचे डॉक्टर, मिरजेहून तरुणपणी इथे आले, आता रिटायर. आमचा कोच जेफ, हा जुना पोस्टमन. मराठी नाही, पण चिवडा मागून खातो.

* * *

पहिला बो घेतला किरणने. कंपाउंड बो म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. ओढताना आधी जड जातं, मग चाकं फिरली की एकदम हलकं होतं. किरणने अख्खा हिवाळा अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि दोन बो नक्की केले. एक आखूड आणि भन्नाट वेगाचा. दुसरा जरा लांब, संथ, पण हाताची चूक पोटात घालणारा. कुठला घ्यावा ते ठरेना, म्हणून आम्हाला सगळ्यांना घेऊन दुकानात गेला.

दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवाय?"

"हंटिंग," किरण म्हणाला.

दुकानदाराने हातातला बो हळूच परत भिंतीवर टांगला. "सर, या देशात धनुष्याने शिकार करायला कायद्याने बंदी आहे."

किरण कानापर्यंत लाल झाला. "नाही हो, मी व्हेजिटेरियन आहे. अंडंसुद्धा खात नाही."

"मग शिकारीचाच बो का?"

किरणने प्रामाणिकपणे विचार केला. "दिसायला चांगला आहे."

"हे कारण चालेल," दुकानदार म्हणाला, आणि बो पुन्हा खाली काढला.

त्याने आखूड, वेगवानच घेतला, आणि तोही पानापानांच्या नक्षीचा, जंगलात लपून जावा असा. पहिल्याच जंगलातल्या स्पर्धेत तो बो झाडाला टेकवून किरण बाण शोधायला गेला. परत आला तर बो नाही. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही सगळे नेच्यांच्या झुडपांमध्ये हुडकत होतो. शेवटी जेफचा पाय अडकला, तो पडला आणि बो सापडला.

कपडे झटकत जेफ म्हणाला, "हरणाला तू नक्की दिसणार नाहीस."

पुढच्या रविवारी त्या बोला रियाच्या गुलाबी ओढणीची पट्टी बांधलेली होती.

* * *

जंगलात टार्गेट म्हणून खरी वाटतील अशी रबरी जनावरं ठेवतात. पहिलं हरीण पाहून रियाने बो खालीच ठेवला. किरण म्हणाला, रबर आहे ग, मार. तिने डोळे जवळजवळ मिटून बाण सोडला आणि तो नेमका मानेत गेला.

रिया घाबरून म्हणाली, "किरण, ही हरीण मेला का?"

रियाच्या मराठीवर किरणची नजर असते. तो म्हणाला, "ते हरीण. मेलं."

"ओ गॉड, खरंच मेला?"

बाण काढायला गेल्यावर तिने हरणाच्या मानेवर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "सॉरी हं." तेव्हापासून प्रत्येक जनावराला म्हणते. काका तिची चेष्टा करायचे, "मी जन्मभर माणसांच्या हाडांना भोकं पाडली, कुणाला सॉरी म्हटलं नाही." पण एकदा ते रानडुकरातून बाण उपसत होते, आसपास कुणी नाही असं त्यांना वाटत होतं, तेव्हा त्यांनीही डुकराला थोपटलेलं मी पाहिलंय.

* * *

माझा बो घेणं पाच मिनिटांत उरकलं. जेफने मला नुसतं उभं केलं आणि म्हणाला, "धनुष्य ओढल्यासारखं कर." मी केलं.

"तू डावखुरी आहेस."

"नाही, मी उजव्या हाताने लिहिते. जेवतेही उजव्यानेच."

"कुणी सांगितलं होतं तसं करायला?" जेफने विचारलं.

दुकानात डावखुऱ्यांसाठी एकच बो होता, तो घेतला.

संध्याकाळी पुण्याला फोन केला, आईला सांगितलं. लहानपणी माझ्या डाव्या हाताची पेन्सिल काढून उजव्यात देणारी तीच. मला वाटलं, ती हसेल. पण ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा रडायचीस ते नाटक नव्हतं."

मी म्हटलं, "आई, अगं किती वर्षं झाली."

"हो ना," ती म्हणाली. "आता डाव्यानेच मार हो."

* * *

सुमनकाकू सुरुवातीला फक्त चहाचा थर्मास घेऊन येत आणि खुर्ची टाकून बसत. एकदा जेफने त्यांना उठवलं. बो किती लांब ओढायचा ते माणसाच्या हातांवरून ठरतं, म्हणून तो म्हणाला, "दोन्ही हात पसरा."

काकूंनी पसरले. जेफ टेप लावत होता तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मुलगी बघायला आले तेव्हा उंची विचारली, चालून दाखव म्हणाले, गाणं म्हणायला लावलं. हात पसर असं काही कुणी म्हटलं नव्हतं."

माप झालं. जेफने टेप गुंडाळली. काकू तशाच उभ्या होत्या, हात पसरून, वाऱ्याकडे तोंड करून. जेफने त्यांना हात खाली घ्या म्हणून सांगितलं नाही.

मग क्लबचे दोन बो आणले. काका म्हणाले, "तिला हलका दे रे. झेपायचा नाही."

काकूंनी जड उचलला. "आपल्या घरी कणीक कोण मळतं?" असं म्हणत पूर्ण ओढला आणि काकांकडे पाहत तसाच धरून ठेवला. काका चहा ओतायला लागले.

* * *

गेल्या वर्षी काकांची नजर जायला लागली. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलेलं. आधी बाण भरकटू लागले, मग काका येईनासे झाले. एका रविवारी आले ते आपला बो जेफच्या हातात द्यायला. "कुणाला तरी देऊन टाक," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात जेफ स्वतः काकांच्या घरी गेला. बरोबर कॅमेऱ्याचा जुना स्टँड होता, वर एक रबरी बटण बसवलेलं. हाताची मागची बाजू त्या बटणाला टेकली की नेम सरळ. पावलं कुठे ठेवायची ते कळावं म्हणून एक फळी. "न दिसणारी माणसं असंच खेळतात," तो म्हणाला. "तुमच्या मागे फक्त एक माणूस लागेल, बाण कुठे गेला ते सांगणारा."

जुना बो त्यासाठी बरोबर नव्हता, शेवटी ओढ कुठे संपते ते हाताला कळत नसे. पुन्हा सगळे दुकानात. दुकानदाराने दोन बो दिले. काकांनी डोळे मिटून दोन्ही ओढले, एकदा हा, एकदा तो. दुकानात आल्यापासून काका मला पहिल्यांदा निवांत वाटले.

"हा रबरासारखा आहे," काका म्हणाले. "आणि हा थांबतो. हाडाला हाड लागावं तसा. हाच."

"तो शिकारीचा आहे," दुकानदार म्हणाला. "पहाटेच्या अंधुक उजेडातही अंदाज यावा असा. रंग कुठला देऊ?"

काका काकूंकडे वळले. "तू सांग. दिसणार तुलाच आहे."

काकू थोडा वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोरपंखी."

* * *

तर मागे उभं राहून सांगायचं काम काकूंकडे आलं. घड्याळाच्या काट्यांवरून सांगायचं असतं. मधला पिवळा, मग लाल, निळा, काळा, सगळ्यात बाहेर पांढरा. "निळा, नऊ वाजता," म्हणजे बाण डावीकडे गेला.

या कामाला काकूंइतकं योग्य कुणी नव्हतं, कारण त्या तोंडावर खरं बोलतात. रियाने पहिल्यांदा केलेली पुरणपोळी खाऊन त्या "थालीपीठ छान झालंय" म्हणाल्या होत्या, आणि मनापासून म्हणाल्या होत्या. काकांनाही त्या सोडत नसत. "पांढरा. कडेला." "हा गेला गवतात. श्वास धरून ठेवू नका." काकांना ते आवडायचं. हळूहळू बाण आत यायला लागले.

मग एका रविवारी दोघं उशिरा आले. आदल्या दिवशी हॉस्पिटलात डोळे तपासले होते. काय निघालं ते कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. फळीवर पाय ठेवले, हात बटणाला टेकवला, बाण सोडला. काळ्यात गेला.

"पिवळा," काकू म्हणाल्या.

पुढचा पांढऱ्याच्या कडेला. "पिवळा."

जेफने तोंड उघडलं. त्याला मराठी रंग एव्हाना पाठ झाले होते. रियाने त्याचा हात धरला. त्यानंतरचे बाणही असेच, एक निळ्यात, बाकी बाहेर बाहेर. काकूंचा आवाज एकदाही हलला नाही. "पिवळा. पिवळा. हाही पिवळाच."

आपले बाण काका आपणच काढतात. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून ते टार्गेटपर्यंत चालत गेले. आम्ही मागे. काकांनी तळवा टार्गेटच्या बरोबर मधोमध ठेवला. तिथे काही नव्हतं. नुसता कागद. त्यांनी हात हलवला नाही.

"सगळे पिवळ्यात?" त्यांनी विचारलं.

"सगळे," काकू म्हणाल्या.

किरण खाली गवतात बघू लागला, तिथे शोधण्यासारखं काही नसताना.

"मग संध्याकाळी शिरा कर," काका म्हणाले. "केळं घालून. या सगळ्यांना बोलाव."

आम्ही सगळे गेलो. जेफने दोनदा मागून घेतला.