प्लगमधलं कुंकू

आमच्या नानाखेड्याच्या काकांनी उभ्या जन्मात कुणाची चूक पोटात घातली, असं सांगितलं तर उज्जैनमध्ये कुणाचाही विश्वास बसणार नाही. वडिलांचे हे चुलतभाऊ बँकेतून निवृत्त झाले आणि तोवर कारकुनांच्याच वाट्याला येणारी त्यांची चिकित्सा साऱ्या गावावर मोकळी सुटली. राम घाटावर संकल्प चालू असताना त्यांनी गुरुजींना थांबवून तिथी दुरुस्त केली होती. फ्रीगंजमधल्या एका साडीवाल्याची पाटी कलती आहे हे पटवायला ते घरून गवंड्याचा ओळंबा घेऊन गेले आणि पाटी सरळ निघाल्यावर ‘मग तुमची भिंत तिरछी आहे’ असं सांगून आले. ‘गलत ते गलत. बोललो नाही तर मला झोप येत नाही,’ असं ते शांतपणे म्हणत. पंगतीत त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असे.

काकू मात्र त्यांच्याजवळ चांगल्या सुखात होत्या. दुखणं होतं ते कमरेचं. एकदा न्हाणीत पडल्यापासून त्यांना उभं राहता येई, आडवं पडता येई, पण बसणं जमत नसे. त्यांची थोरली बहीण महेश्वरला अंथरुणाला खिळली होती आणि ‘एकदा तिला आणा’ असा निरोप सारखा येत होता. बसून जायचं ते कसं जायचं? बहिणीचा विषय निघाला की काकू आत निघून जात.

त्या सुमारास घरोघरी नुकतंच केबल आलं होतं. कुठल्याशा परदेशी चॅनलवर काकांनी मोटारीमागे घर ओढत नेणारा गोरा माणूस पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डर गाठला. ट्रॉलीच्या चाकांवर पत्र्याची खोली उभी राहिली. आत गादी, आणि गादीवरून समोरची मोटार दिसावी म्हणून पुढे एक खिडकी. काका तिला कॅरॅव्हॅन म्हणत, कॉलनी डब्बा म्हणे. डब्ब्याच्या मागच्या दिव्यांना वीज मोटारीतून जायची, त्यासाठी मध्ये सात पिनांचा प्लग होता. एक तार काकांनी खास घंटीसाठी घेतली होती. काकूंना काही हवं असलं तर त्यांनी आत बटन दाबायचं, की काकांच्या कानाशी घंटी वाजणार. या घंटीच्या भरवशावरच ते काकूंना मागे एकटं ठेवायला तयार झाले होते.

दसऱ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. दसऱ्यानंतर डावा इंडिकेटर दिला की घंटी वाजू लागली, ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिचमिचू लागले आणि बटन दाबलं की काहीच होईना. काकांनी आठवडाभर वेल्डरला, प्लग विकणाऱ्याला आणि परदेशी चॅनलला शिव्या घातल्या. शेवटी वेल्डरने टॉर्च मारून पाहिलं.

“बाबूजी, इसमें तो पूजा हो रखी है.”

काकूंनी दसऱ्याला गाडीची पूजा करताना प्लगच्या एकेका भोकात ओलं हळदकुंकू भरलं होतं, वर अक्षताही. आता काय होणार म्हणून मी काकांकडे पाहिलं. काकू झोपल्या आहेत याची त्यांनी खात्री करून घेतली आणि पेट्रोलमध्ये बुडवलेल्या दातांच्या ब्रशने प्लग साफ केला. मला म्हणाले, “घरात बोलू नको. कुंकू पुसलं हे माहीत पडलं तर अपशकुन म्हणेल आणि जायचं कॅन्सल करेल.”

निघायच्या सकाळी काकू तबक घेऊन बाहेर आल्या. लांबचा प्रवास, म्हणून या वेळी कुंकू सढळ हाताने घातलं. मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा पाय दाबला.

वाटेत पुसायचीही सोय नव्हती. काकांनीच केलेल्या खिडकीतून काकूंची नजर थेट प्लगवर. मग उजवीकडे वळायचं तर काका हात बाहेर काढत, डावीकडे वळायचं तर मी. घंटी मुकी, म्हणून दर थोड्या वेळाने गाडी थांबवून काका मागे जात.

“मी कुठे घंटी वाजवली?” काकू विचारत.

“इंजिन गरम झालं,” काका सांगत, त्यांना पाणी देत आणि पाठीखालची उशी सारखी करत.

महेश्वरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. काकूंना बहिणीच्या शेजारी निजवलं. दोघी बराच वेळ नुसत्या एकमेकींचे हात धरून पडल्या होत्या. मग डोळे पुसून काकू अभिमानाने म्हणाल्या, “ताई, सुखरूप आलो बघ. मी त्या प्लगला कुंकू लावलं होतं ना, वाटेत काही म्हणजे काही बिघडलं नाही.”

खोलीतल्या सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. नातेवाईकच ते, त्यांना अनुभव होता. हात बाहेर काढून काढून काकांचा दंड उन्हाने लाल झाला होता. त्यांनी बाही खाली ओढली.

“हो ना,” ते म्हणाले. “त्यानेच तर पोचलो.”

थोरल्या बहिणीने तो हिवाळा काही काढला नाही. पुढे काही वर्षांनी काकाही गेले. उज्जैनमध्ये आता कुणीही बिनदिक्कत चुकावं, हटकणारं कुणी नाही. मला मात्र त्यांची फार आठवण येते.