खालच्या मजल्यावरचा लेफ्ट गार्ड

टेक्सासमधल्या अर्विंगला आम्ही राहत होतो त्या अपार्टमेंटमध्ये दोन प्रकारची माणसं होती. एक आम्ही, म्हणजे पुण्या-नागपूरकडची, हैदराबादकडची कॉम्प्युटरवाली मंडळी. आमचे भाडेकरार व्हिसाच्या मुदतीप्रमाणे चालत. दुसरे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघातले कमी महत्त्वाचे खेळाडू; त्यांचे भाडेकरार त्यांच्या खेळाच्या कराराप्रमाणे. सरावाचं मैदान जवळ होतं म्हणून ते इथे राहत. महत्त्वाचे खेळाडू मोठ्या फाटकाआडच्या बंगल्यांत राहत आणि आम्हाला फक्त होर्डिंगवर दिसत. एकूण काय, आमच्या वसाहतीत कायमचं असं कुणीच नव्हतं, फक्त पोहण्याच्या तलावावर शिस्तीची पाटी कायमची होती.

आमच्या बरोबर खाली राहणारा माणूस लेफ्ट गार्ड होता. म्हणजे राखीव लेफ्ट गार्ड. हे काम मला त्यानंच समजावून सांगितलं होतं. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या पुढे पाच अगडबंब माणसं ओळीनं उभी राहतात आणि समोरून येणाऱ्या तेवढ्याच अगडबंब माणसांना अडवतात; त्यांतला डावीकडून दुसरा तो लेफ्ट गार्ड. मधला सोडला तर या पाचांनी चेंडूला हात लावायचा नसतो. नीट अडवलं तर त्यांचं नाव कुणी घेत नाही. चुकलं तर पंच त्यांचा नंबर माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगतो. आमचा शेजारी या कामासाठीही तीन वर्षं बाकावर बसला होता, कारण लेफ्ट गार्डच्या जागेवर त्याच्याहून अनुभवी माणूस होता आणि तो जखमी होण्याचं नाव घेत नव्हता.

आई गेली त्याच्या पुढच्या मार्चच्या सुरुवातीला बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही दोघं सकाळी ऑफिसला गेलो की दिवसभर ते एकटे. आठवड्याभरातच त्यांनी खाली जाऊन त्या माणसाशी ओळख केली. तो दुपारी सरावाहून परतला की गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून अंगणातल्या खुर्चीत बसायचा. बाबा शेजारच्या खुर्चीत. बाबांचं इंग्रजी सरकारी टिपणांतलं होतं आणि त्याचं टेक्सासमधल्या छोट्या गावातलं, त्यामुळे दोघंही जपून आणि थोडं बोलत. माझ्या बायकोनं त्याला बाबांना ‘काका’ म्हणायला शिकवलं होतं. बाबा त्याला पाठीमागे ‘पैलवान’ म्हणत.

बाबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. कार्यकारी अभियंता व्हायचं राहिलं, कारण त्यांची वेळ आली तेव्हा वरून दुसराच माणूस आणून बसवला गेला. या गोष्टीचा उल्लेख आमच्या घरात हवामानासारखा व्हायचा: वारंवार, आणि त्यावर काही करता येणार नाही अशा सुरात.

मार्चच्या मध्यावर इथल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. ज्यांचे करार संपले ते मोकळे होतात आणि जो संघ जास्त देईल तिकडे जातात. त्या वर्षी आमच्या संघाचा लेफ्ट गार्ड पहिल्याच दिवशी दुसऱ्या शहरात गेला. मी गाडीतून ऑफिसला जाताना रेडिओ ऐकायचो. लोक फोन करकरून शोक व्यक्त करत होते. आमच्या ओळीला भगदाड पडलं, आता आमचं कसं होणार, असा माणूस पुन्हा होणे नाही. गेल्या सीझनभर याच लोकांनी त्याचं नाव फक्त दंड झाला तेव्हा, तेही शिवीला जोडून घेतलं होतं.

मी संध्याकाळी बाबांना ही बातमी सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे पैलवानाची जागा झाली.”

“तसं काही नसतं, बाबा.”

“का नसतं? वरचा गेला, खालचा वर. तीन वर्षं त्याच्या मागे बसलाय ना? मग यादीत पुढचा तोच.”

“इथे यादी नसते.”

“सगळीकडे असते. तुमच्या कॉम्प्युटरात नसेल.” मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, “पेढे करता येतील का गं इथे?”

“बाबा, अजून ऑर्डर कुठे निघालीय?” ती म्हणाली. पण ती उठलीच. आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. रिकोटा चीज आणि दुधाची पावडर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून परदेशात जे पेढे होतात, ते झाले. बाबांनी ते डब्यात रचले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्हाला दोघांनाही बरोबर घेऊन खाली गेले.

त्यानं दार उघडलं. तो दारात उभा राहिला की मागची खोली दिसत नसे. बाबांनी डबा पुढे केला आणि अभिनंदन केलं, त्याच्या हाताला हात लावून, खात्यातल्या बढतीच्या वेळी करतात तसं. त्याला आधी कळेना. मी समजावलं की आमच्याकडे चांगली बातमी आली की हे वाटतात.

“पण मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही,” तो म्हणाला.

“दे विल टेल,” बाबा ठामपणे म्हणाले.

तो हसला. एकामागून एक चार पेढे खाल्ले आणि दाराच्या चौकटीला टेकून, आमच्यापेक्षा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “डॉक्टर म्हणतो गुडघा आणखी एक वर्ष देईल. मला एकच सीझन पाहिजे, काका. पहिल्या मॅचपासून शेवटपर्यंत, माझ्या जागेवर. मग घरी जाईन.” त्याची बायको ओक्लाहोमातल्या एका गावात शाळेत शिकवत होती, घर म्हणजे ते.

जिना चढताना बायको मला हळूच म्हणाली, “आपण जरा घाईच केली, नाही?” मलाही ते पटत होतं; पण बाबा पुढे दोन-दोन पायऱ्या चढत होते.

पुढच्याच आठवड्यात संघानं बाहेरून लेफ्ट गार्ड आणला. टीव्हीवर समारंभ दाखवला. मोठ्या टेबलामागे सुटातली माणसं, मागे संघाच्या चिन्हांचा पडदा, पुढे माइकचं जंगल. साखर कारखान्याच्या चेअरमनचा सत्कार असावा तसा थाट, फक्त शाल आणि नारळ नव्हता. त्याऐवजी नवा माणूस आपल्याच नावाचा सदरा छातीशी धरून उभा होता. एक साहेब म्हणाले, ही संघाच्या इतिहासातली महत्त्वाची घटना आहे. दुसरे म्हणाले, हा नुसता खेळाडू नाही, ही एक संस्कृती आहे. सहा फूट पाच इंचांची ती संस्कृती अवघडून जमिनीकडे बघत होती.

“हा कोण?” बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

“आणि आपला?”

“आपला आहे तिथेच.”

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, “वर दाद मागायची सोय असेल ना काहीतरी? त्याला म्हणावं, अर्ज कर. मी मसुदा देतो.”

“बाबा, हे खातं नाही.”

“ते दिसतंच आहे. पण टेबलं तीच दिसतायत.”

दोन दिवस बाबा खाली गेले नाहीत. पेढे देऊन आलेल्या माणसानं आता काय तोंडानं जायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी तोच वर आला, धुतलेला डबा परत द्यायला. बाबा म्हणाले, “सॉरी.” तो म्हणाला, “पेढे चांगले होते.” या दोन वाक्यांत सगळं मिटलं. दुपारच्या खुर्च्या पुन्हा भरल्या.

एप्रिलमध्ये त्यानं सांगितलं की कोचनं त्याच्यावर एक काम सोपवलंय. नवा गार्ड दुसऱ्या पद्धतीच्या संघातून आलाय. इथल्या ओळीच्या खुणा, इशारे, कुणी कुणाला कधी अडवायचं, हे सगळं त्यानं नव्याला शिकवायचं. जागा मिळाली नाही, पण जागेची सगळी माहिती त्याच्याकडे होती.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझंच ऐकण्यात चूक झाली असं धरलं. “तुझ्या जागेवर आलेल्याला तूच शिकवणार?” मग खाली जाऊन त्यांनी त्याला थेट विचारलं. मी भाषांतर केलं. तो म्हणाला, “संघात राहायचं तर कोच सांगेल ते. कदाचित यामुळे मला ठेवतील. दोन गार्ड लागतातच.”

मला या बोलण्यात भर घालण्यासारखं होतं, पण मी घातली नाही. माझ्या ऑफिसात त्याच महिन्यांत एक साठीजवळ आलेला अमेरिकन प्रोग्रॅमर मला त्याचं काम शिकवत होता. विम्याच्या दाव्यांची जुनी सिस्टिम होती. त्यानं ती उभी केली होती आणि उन्हाळ्यानंतर ती माझ्याकडे यायची होती, आणि तो घरी जायचा होता. आम्ही याला केटी म्हणत असू. नॉलेज ट्रान्सफर असं पूर्ण म्हटलं की लाज वाटते, म्हणून आद्याक्षरं. रोज दहाला तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसे. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट देई. न विचारलेल्याचं एकही नाही. लंचला तो त्याच्या गाडीत जाऊन बसायचा.

मे महिन्यात नवा गार्ड आमच्या वसाहतीत येऊ लागला. संध्याकाळी पार्किंग आणि तलावामधल्या हिरवळीच्या पट्ट्यावर ती दोन प्रचंड माणसं एकमेकांसमोर वाकून उभी राहत. आमचा काहीतरी ओरडायचा, नवा एक पाऊल मागे घ्यायचा, वळायचा. पुन्हा. पुन्हा. आमच्यातल्या बायका बाबागाड्या घेऊन थांबून बघत. कुणाचा तरी चार वर्षांचा मुलगा त्यांच्यासारखाच वाकायचा आणि तोंडावर पडायचा. बाबा वर बाल्कनीत बसून सगळं पाहत.

“कसा आहे?” मी एकदा विचारलं.

“कोण? तो? अंगानं आहे,” बाबा म्हणाले. “बाकी काही सांगता येत नाही.”

नवा माणूस सभ्य होता, हीच बाबांची अडचण होती. बाबा किराणा घेऊन येताना तो एकदा धावत आला आणि पिशव्यांसाठी हात पुढे केला. बाबांनी दिल्या नाहीत. दहा किलोचा तांदूळ स्वतः वर आणला आणि मग रात्रीपर्यंत पाठ धरून बसले.

“दिला असता तर काय झालं असतं?” बायकोनं शेक देताना विचारलं.

“आपला खाली बसला होता,” बाबा म्हणाले.

जुलैअखेर संघ उन्हाळी शिबिराला बाहेरगावी गेला. शिबिराला जातात भरपूर, संघात ठेवतात थोडे. बाकीच्यांना ऑगस्टअखेर घरी पाठवतात. जाताना आमचा शेजारी बाबांना म्हणाला, “मी येईपर्यंत जाऊ नका, काका.” बाबांचं परतीचं तिकीट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचं होतं. ते म्हणाले, “यू कम सिलेक्टेड.” त्या महिन्यात टेक्सासच्या उन्हात दुपारी कुत्रं बाहेर येत नाही. बाबा तरी खाली जाऊन त्या रिकाम्या खुर्चीशेजारी थोडा वेळ बसून यायचे. मी त्यांना म्हटलं, आत एसीत बसा. ते म्हणाले, आत काय आहे?

ऑगस्टमध्ये ऑफिसातलं माझं शिक्षण संपलं. माझ्या गुरूच्या निरोपाला केक होता, त्यावर शुभेच्छा होत्या, आणि आमच्या व्हाइस प्रेसिडेंटनं त्याला ‘या इमारतीचा खांब’ म्हटलं. खांबानं केक खाल्ला नाही. माझ्याशी हात मिळवला आणि पार्किंगकडे गेला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आम्ही बाहेरून आलो तेव्हा खाली भाड्याचा ट्रक उभा होता आणि आमचा शेजारी एकटाच सोफा उचलून आत चढवत होता. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बाबांनी विचारलं.

“काल सकाळी बोलावलं,” तो म्हणाला. “दुसरा राखीव तरुण घेतलाय. कॉलेजमधून आलेला. स्वस्त पडतो, आणि गुडघे नवे आहेत.”

“दुसरा कुठला संघ?” मी विचारलं.

“माझ्या एजंटनं दोन फोन केले. आता तोही फोन घेत नाही.” हे सांगताना तो रागावलेला नव्हता. गावच्या शाळेत कोच हवाय म्हणून बायकोनं कळवलं होतं. बघू, म्हणाला.

बाबांनी एक खुर्ची उचलली. तो नको म्हणाला, पण बाबांनी ती ट्रकपर्यंत नेलीच. मग दोघं सावलीत उभे राहिले. बाबांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते इंग्रजीत जमत नव्हतं. शेवटी ते मला मराठीत म्हणाले, “त्याला विचार, त्या माणसाला सगळं शिकवलंस का? मी असतो तर हातचं राखून शिकवलं असतं. म्हणजे निदान अडला असता कुठेतरी, आणि यांना याची गरज कळली असती.”

असं विचारावं की नाही हे मला कळेना. पण तो माझ्याकडे पाहत उभा होता, म्हणून मी जसंच्या तसं विचारलं.

त्यानं घाम पुसला. “राखलं होतं की,” तो म्हणाला. “दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या नव्हत्या. त्या मला कळायला एक आख्खा सीझन गेला होता. शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं त्या स्वतःच ओळखल्या. आणि मला येऊन विचारलं, बरोबर आहे का.”

“मग?”

“मी सांगितलं, बरोबर आहे.”

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते ट्रकच्या उघड्या दाराकडे बघत राहिले, जणू उत्तर आत सामानात असावं. त्यानं त्यांच्याशी हात मिळवला, हळूच, आपल्याच हाताची भीती वाटत असल्यासारखं. मग दार ओढून घेतलं, कडी घातली आणि ट्रक काढला.

आम्ही वर आलो. बायकोनं पाणी दिलं. बाबा प्यायले नाहीत, भांडं हातात धरून बसले.

“म्हणजे तो दुसरा चांगलाच असणार,” ते म्हणाले. इतक्या खिन्न आवाजात मी कुणाला कुणाचं कौतुक करताना ऐकलेलं नाही.