हुपरीकर मास्तरांनी सोललेली गोष्ट

नृसिंह हुपरीकर मास्तरांना उपमा-रूपके इतकी प्रिय, की ती ते कोणाच्या हाती लागू देत नसत. हायस्कुलात मुलांकडून व्याख्या घोकून घ्यायच्या, पाच गुणांचा प्रश्न घालायचा आणि पुन्हा सगळे कडीकुलपात.

एकोणऐंशी साली गंगावेशीतल्या दूधवाल्या बायकांचा दुपारचा साक्षरता वर्ग त्यांच्या गळ्यात पडला. पडला कसला, मागूनच घेतला. हेडमास्तरांची खुर्ची रिकामी होणार होती आणि वर्ग चालवून दाखवील त्याचे नाव पुढे जाणार होते. अट एकच: अधिकारी येतील त्या दिवशी वीस बायका समोर हव्यात.

बाराखडीला बायका कंटाळल्या, तेव्हा मास्तरांनी एक जुनी नावाजलेली कथा काढली. पण अडाणी बायकांना प्रतिमा काय कळणार? रविवारभर बसून त्यांनी तांबड्या पेन्सिलीने एकेक उपमा खोडली. उरले ते असे: "एक म्हातारी होती. तिचा मुलगा परगावी गेला. ती वाट पाहत होती."

"पुढं?" पानावरच्या तांबड्या रेघांकडे पाहत चिमणाबाईने विचारले. ही चार म्हशींची मालकीण. रोज संध्याकाळी दूध-कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार सोडायची.

"पुढे अजून वाट पाहत होती."

"ही गोष्ट हाय का तार? मास्तर, दूध तुमच्या घरात ठेवलंसा आन् आमाला भांडं विसळल्यालं पानी पाजताय व्हय?"

"बाई, त्यातले अलंकार तुम्हाला झेपायचे नाहीत," मास्तर मायेने म्हणाले.

"व्हय की, आमी अडाणी!" म्हणत ती उठली. दुसऱ्या दिवशी नऊ बायका आल्या, तिसऱ्या दिवशी चार. साहेब गुरुवारी येणार. बुधवारी मास्तर स्वतः कट्ट्यावर गेले.

"चिमणाबाई, उद्या याल ना?"

"खोडल्यालं बी वाचणार?"

"वाचतो."

"मग आनते समद्यास्नी."

गुरुवारी खोली भरली. मास्तर नाइलाजाने खोडलेले वाचू लागले: "विझल्या चुलीत राखेखाली निखारा जपावा, तशी म्हातारी पोराची आस जपत होती."

चिमणाबाई हळूच म्हणाली, "हां. आता दिसली म्हातारी. माझ्या आईच्या चुलीपाशीच बसलीया."

"आगं, तिचं हात बी राखंनं भरल्यात," शेजारची बाळाबाई म्हणाली. हात तर कथेत नव्हतेच.

पुढच्या ओळीत म्हातारी उठून दारात आली, तेवढ्यात साहेब आले. "उपस्थिती घेतो. एक, दोन..."

"सायेब, खाली बसा," चिमणाबाई गरजली. "म्हातारी दारात हाय."

साहेब सतरंजीवर बसले. मास्तरांना चेव आला. "तर मघाशी उपमा अलंकार झाला! निखारा हे उपमान, आस हे..."

"मास्तर, निखाऱ्यावर पानी वतू नगा की!"

मास्तरांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांची वही मिटलेली, डोळे दाराकडे. मास्तरांनी व्याख्या गिळली आणि पुढची ओळ वाचली. उपस्थिती मोजायची राहूनच गेली.

खुर्ची मिळाली. शिफारशीत साहेबांनी लिहिले होते, "हे शिक्षक वाचताना मध्ये बोलत नाहीत." ही स्तुती की निंदा, हे काही हेडमास्तर हुपरीकरांना खुर्चीत बसूनही उमगले नाही.