एक ठोका, थांबून दोन

वेनिंग कशाला घाबरत नाही, असं विचारलं तर तिलाही जरा आठवून सांगावं लागे. भीतीची यादी मात्र तयार असे: पाली, कुत्री, तोंडी परीक्षा, स्कूटरवर मागे बसणं आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे नदीकाठच्या वस्तीतली अकरा मुलं. कॉलेजच्या सेवाकार्यासाठी इंडोनेशियातल्या जोग्याकार्ता शहराच्या या वस्तीत ती दर रविवारी दुपारी गणित शिकवायला यायची.

पहिल्या रविवारी मुलं जमेनात, म्हणून तिनं गस्तीच्या चौकीत टांगलेला पोकळ बांबू बडवला. ठोके नेमके तीन-तीन पडले. तीन-तीन म्हणजे पूर. पाच मिनिटांत अर्धी वस्ती टीव्ही, कोंबड्या आणि एक आजोबा उचलून चढावर हजर. वस्तीप्रमुख सुरोतो रागावले नाहीत, याचाच तिला जास्त धाक बसला. मग शिकवणीचा वेगळा ठोका ठरला. एक, थांबून दोन. तो ऐकला की पोटात दुखतं, असं आठ वर्षांची गेंदिस तिला तोंडावर सांगे. आपलं इथे कुणी ऐकत नाही, याबद्दल वेनिंगची खात्रीच होती.

त्या रविवारी वस्तीत लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात सकाळपासून पाऊस कोसळत होता. चारच्या सुमाराला सुरोतोंना वरच्या बंधाऱ्यावरून फोन आला. पाणी सुटलंय, पंधरा मिनिटांत पोचेल. मुलं खाली वाळूत खेळत होती आणि आईबाप बाजारात. सुरोतोंनी काठी उचलली, तसा वेनिंगनं त्यांचा हात धरला. पुराचा ठोका ऐकला की जो तो सामान काढायला घराकडे धावतो, आणि या मुलांची घरं अगदी पाण्याला लागून.

"काका, आधी माझा ठोका. दोनच मिनिटं."

"आणि नाही आली तर?"

तिनं काठी ओढून घेतली आणि बांबू बडवला. एक, थांबून दोन; मग पुन्हा. खाली कुणी मानसुद्धा वळवली नाही. मग एक जण कुरकुरत पायऱ्या चढू लागला, मागोमाग दोघं, मग एकदम सात. गणिताच्या बाईंनी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा दहाच भरली. गेंदिस नव्हती.

सुरोतोंना आता थांबता येईना. तीन-तीन ठोके सुरू झाले. वरून दगड गडगडल्यासारखा आवाज येत होता. एरवी कठडा न सोडणारी वेनिंग पायऱ्या उतरत सुटली. निम्म्या वाटेत गेंदिस भेटली, कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर वही धरलेली.

"घरी कशाला गेलीस?"

"वही आणायला. वही नसली की तुम्ही परत पाठवता ना, ताई."

वेनिंगनं तिला उचललं, निसटलेली वही पाण्यात जाऊ दिली आणि तिला वर आणलं. खालची घरांची रांग बुडाली तेव्हा अकराही मुलं चौकीत दाटीवाटीनं बसली होती.

पुढच्या रविवारी ठोका देण्याआधी वेनिंगनं काठी दोनदा खाली ठेवली. मुलं ऐकत नाहीत ही भीती गेली होती. ऐकतात, ही नवी भीती तिच्या जागी येऊन बसली होती. गेंदिस रिकाम्या हातांनी आली. वेनिंगनं काही न विचारता आपल्या वहीची पानं फाडून तिच्यापुढे ठेवली.