शाई फुटलेलं अक्षर

गल्लीतल्या बेकरीच्या बिस्किटांच्या डब्यावर इंग्रजी नाव जुन्या वळणाचं हवं होतं. डब्याचं डिझाइन माझ्याकडे होतं, म्हणून मी सकाळपासून फॉन्ट बघत बसले होते. टोकांना इवलीशी पावलं असलेली ती अक्षरं स्क्रीनवर अशी उभी होती, जणू फोटो काढायला कपडे करून आली आहेत.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे नाना पेपर मागायला आले. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांची उमर गेलेली. चष्मा चढवून ते खुर्चीमागे वाकले आणि मला सगळ्यात आवडलेल्या फॉन्टवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या 'R'चा पाय तुटलाय. शाईपण फुटलीय. बदल तो खिळा, नाहीतर मालक ओरडेल."

"नाना, ते मुद्दाम तसं केलंय. जुनं वाटावं म्हणून. विकत घेतलाय मी हा फॉन्ट."

नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मलाही आवरेना.

जे डाग टाळण्यासाठी एका माणसाने रोज जिवाचं रान केलं, त्या डागांवर आज माझा जीव जडला होता. अगदी नीट छापलेल्या अक्षरामागे माणूस दिसतच नाही. शाई जरा फुटली की मात्र तिथे कुणाचा तरी हात होता, हे कळतं. मी रोज पुसून टाकते त्या माझ्या चुकाही पुढे कुणाला अशाच गोड वाटतील का?

"मग कुठला घेऊ, नाना?"

"हाच घे," डोळे पुसत नाना म्हणाले. "असलं काम माझ्या हातून फार सुंदर व्हायचं."