थोटी मांका

आमच्या दुरांगोत झटकल्याशिवाय कुणी बुटात पाय घालत नाही, आणि विंचू दिसला की आधी चप्पल उचलायची, बाकीचं नंतर. त्याच गावात एदुविहेसबाईंनी विंचू पाळला. बाजारात माझं चीजचं दुकान त्यांच्या अगदी समोर, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाईंचा धंदा मेलेल्या विंचवांचा. डोंगरातून आलेले विंचू स्पिरिटमध्ये बुडवायचे, पारदर्शक रेझिनमध्ये गोठवायचे आणि त्यांची कीचेन, घड्याळं करून विकायची. तीस वर्षांत हजारो गेले असतील त्यांच्या हातून. एकदा एक मादी आली, पुढचा एक पंजा तुटलेली. असला माल कुणी घेत नाही. बाईंनी तिला काचेच्या पेटीत वाळूवर सोडलं आणि नाव ठेवलं मांका, म्हणजे थोटी. रोज ओला कापूस, आठवड्याला एक झुरळ. वाळू बदलताना लांब चिमट्याने तिची शेपटी इतक्या हळुवार धरायच्या की मला माझ्या नवऱ्याचा राग यायचा. त्याने माझा हात तसा कधी धरला नाही.

पुढे हॉटेलवाल्या अउरेलियोने जत्रेसाठी मोठं घड्याळ सांगितलं, आकड्यांच्या जागी बारा विंचू. नेमका विंचू आणणारा आजारी पडला आणि बाईंकडे अकराच जमले. जत्रा उद्यावर आलेली. अउरेलियो पेटीकडे बोट करून म्हणाला, "हीच घाला की. पंजे कोण मोजत बसतंय?"

त्याच्या हॉटेलावरच बाईंचं दुकान चालायचं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक कायमचं तुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी मांकाला उचलून स्पिरिटच्या बरणीवर धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे, मी बघतच राहिले आणि माझं गिऱ्हाईक चीज मागून मागून निघून गेलं. मग त्यांनी तिला परत वाळूत ठेवलं आणि घड्याळ अकरा विंचवांचंच केलं.

"बारावा विंचू कुठे म्हणून पाहुण्यांनी विचारलं तर?" अउरेलियो म्हणाला.

"सांगा, ती घरी असते."

तो घड्याळ न घेताच गेला. आजही तो माल शेजारच्या दुकानातून नेतो. मला बाईंचा राग आला, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. तरी बोलायचं ते बोललेच, "बाई, किडा आहे तो. ती तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

पेटीत झुरळ सोडत बाई म्हणाल्या, "ती नसेल ओळखत. मी ओळखते ना."