पाण्यात घातलेले देव

बायकोच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या दिवशी मी घरातले देव पाण्यात घातले आणि त्यांच्यासोबत शाडूचा गणपतीही घातला.

पितळी बाळकृष्णाचं, अन्नपूर्णेचं काही बिघडत नाही. संकट टळेपर्यंत ते पाण्यात राहतात, मग पुसून पुन्हा देव्हाऱ्यात. शाडू म्हणजे माती. बोटभर उंचीचा तो गणपती बायकोने एका शिबिरात स्वतःच्या हातांनी केलेला. पण सकाळी मी इतका घाईत होतो की सगळा देव्हारा तपेल्यात रिकामा केला, वर झाकण ठेवलं आणि लालबागहून परळला हॉस्पिटल गाठलं. देवाला कामाला लावायचं तर कुणाला वगळून कसं चालेल?

तसं महिनाभर मी सगळ्यांनाच कामाला लावलं होतं. तीन डॉक्टरांची मतं घेतली आणि चौथ्याला ती तिन्ही वाचून दाखवली. सर्जनना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "ऑपरेशन तुम्हीच करता का?" मी क्षणभर विचारात पडलो, हे बायकोने बघितलं.

साडेआठला तिला आत नेलं. झडप बदलायची होती, चार तास लागतील म्हणाले. मी बसलो, उठलो, दारावरच्या लाल दिव्याकडे बघितलं, पुन्हा बसलो. अकराच्या सुमारास शाडू आठवला. घरी आईला फोन लावला. ती मुंबईत साठ वर्षं काढूनही मालवणीच बोलते.

"आई, तपेल्यातले देव बघ जरा."

झाकण काढल्याचा आवाज आला. "सगळे आसत. गणपती दिसणा नाय. पाणी गढूळ झालां."

"विरघळला गं तो. इथे ती टेबलावर आहे आणि तिकडे..."

"मगे? भादव्यात इरघळता तेव्हा नाचत जातंस ना? आज रडतंस कित्याक? थंयच बस. त्याका त्याचां काम करूंक दी."

यावर कुणी शहाणा माणूस बसला असता. मी जिना उतरून टॅक्सी पकडली. गणेशोत्सवाला अजून अवकाश होता, पण आमच्या लालबागला मूर्तिकाराची एखादी शेड उघडी सापडतेच. तिच्या हातचा गणपती गेला होता. निदान त्याच्या जागी दुसरा तरी बसवायचा, तोही ती टेबलावरून उतरायच्या आत. देवाला काय पटेल, हे मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

"बोटभर? एकच आहे, पण ओला आहे," मूर्तिकार म्हणाला. "वाळू द्या दोन दिवस. असा नेलात तर वाटेत सोंड पडेल, काका."

"ओलाच द्या."

पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गणपती घेतला तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधून सिस्टर बोलत होती. "तुम्ही आहात कुठे? पेशंटला रक्त लागतंय. फॉर्मवर सही करायचीय, लगेच या."

परतीची टॅक्सी पुलाखाली अडकली. पुढे बस, मागे टेम्पो, हॉर्नचा कल्लोळ. मी उतरून पळत सुटलो. साठीला टेकलेला माणूस एका हातात देव घेऊन पळतोय म्हणून लोक वाट देत होते. पुठ्ठा कुठे पडला, मूठ कधी आवळली, कळलं नाही. डोक्यात एकच होतं, माझ्या एका सहीसाठी ती आत अडली आहे.

"रक्त केव्हाच चढवलं," सिस्टर म्हणाली. "तुमच्यासाठी कोण थांबणार? सही करा आता."

फॉर्मवर माझ्या सहीपेक्षा चिखलच जास्त उमटला.

"कशी आहे ती?"

"डॉक्टर सांगतील. बसा."

मी बसलो. मूठ उघडली. त्या मातीला ना सोंड राहिली होती, ना पोट. मनात म्हटलं, बाबा, मी नव्हतो तरी रक्त पोचलं. आता तूच बघ. मी काही सुचवत नाही. भीती गेली असं नाही. पण दर दोन मिनिटांनी उठून दाराकडे जाणारे पाय थांबले. लाल दिवा तसाच होता. साडेबारा झाले, दीड झाला, दोन वाजून गेले. कुणाला फोन करावासा वाटला नाही. दुसरी काही प्रार्थनाही सुचली नाही.

तीनला सर्जन बाहेर आले. "रक्तस्राव झाला होता, थांबला. झडप नीट बसलीय." मग त्यांनी माझ्या हातातल्या मातीच्या गोळ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना मला काहीतरी विचारावंसं वाटलं असावं. विचारलं मात्र नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डात बायकोला सगळं सांगितलं. पुलाखालची धाव जरा रंगवूनच सांगितली, डोळ्यांत पाणी येईल या आशेने. तिने शांतपणे ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवून एकदा खोकली आणि म्हणाली, "इतके डॉक्टर, सिस्टर, सगळ्यांनी आपापलं काम केलं. तुम्हाला नुसतं बसायचं होतं, तेवढंही जमलं नाही."